एलव्हीची पाटी

टाकारी,
मंगळवार, दुपार

प्रिय शिवा,

पत्र बघून घाबरू नकोस. घरी सगळे धडधाकट आहेत, म्हैससुद्धा. फोन सोडून पत्र का लिहिलं ते शेवटी सांगेन. आधी सांगितलं तर तू मधलं काही वाचणार नाहीस, मला तुझी सवय ठाऊक आहे. आणि मधलं मला सांगायचंच आहे, कारण त्यातली सगळी मर्दुमकी माझी आहे.

आबांच्या वाढदिवसाला तू ते खोकं पाठवलं होतंस ना, सुटे भाग जोडून मालगाडीची ब्रेकव्हॅन करायचं? तुला वाटलं, ज्या डब्यात जन्मभर गार्ड म्हणून बसले तो टेबलावर आला की माणूस विरघळेल. विरघळतोय कसला! तू रेल्वेत लागलीस, तीही त्यांच्याच जागेवर, मालगाडीच्या शेवटच्या डब्यात, तेव्हापासून त्यांनी तोंडाला कुलूप लावलं ते लावलंच. खोकं न उघडता कपाटावर ठेवलं. माझ्याशी बोलताना तू झालीस 'तुझी पोरगी'. तिन्ही लेकरांत तू धाकटी, म्हणून ह्याच माणसानं तुला 'एलव्ही' म्हणायला सुरुवात केली होती. लास्ट व्हेईकल, गाडीचा शेवटचा डबा. पुढं सगळी गल्ली तुला तीच हाक मारायला लागली. दिवाळीपासून ती हाक ह्या घरात ऐकू आली नाही, आणि तूही यायची बंद झालीस. मिरजेहून टाकारी ते काय लांब, पण सासर दूर असलेल्या मुलीही तुझ्यापेक्षा जास्त वेळा माहेरी येऊन गेल्या. मी बरेच दिवस गप्प बसले. मग एक दिवस ठरवलं की ह्यांच्या तोंडून ती हाक परत काढायचीच, आणि स्टुलावर चढून खोकं खाली घेतलं.

हसू नकोस. मेढ्यापासून इस्लामपूरपर्यंत किती लग्नांत तुझ्या आईनं रुखवत मांडलंय, सुपारीचे भटजी केलेत, साखरेचं तुळशीवृंदावन उभं केलंय. सूचनांचा कागद इंग्रजी होता, पण चित्रं होती, आणि चित्र बघून स्वेटर विणणाऱ्या बाईला तेवढं पुरतं. भाग सगळे चौकटीला बारीक देठांनी चिकटलेले. पहिला ओढून काढला तर त्याचा कोपराच गेला. मग नखं काढायच्या कटरनं एकेक तोडला, तुझ्या जुन्या नेलफाइलनं घासला. मधली खोली, दोन्ही टोकांना व्हरांडा, कठडे, पायऱ्या, खाली चार चाकं. चाकं फिरली तेव्हा मी एकटीच स्वयंपाकघरात टाळ्या वाजवल्या. मग रंग दिला. लालभडक. कठड्यांना सोनेरी काठ, खिडक्यांभोवती टिकल्या आणि दाराला बारीक मण्यांचं तोरण. चहाच्या कपाशेजारी नेऊन ठेवली.

आबांनी चष्म्यावरून बघितलं. म्हणाले, "ही ब्रेकव्हॅन न्हाई, ही रुखवतातली गाडी हाय. हिच्यात गार्ड बसला तर लोक नवरदेव म्हणून वरातीत काढत्याल."

मला राग यायला हवा होता. पण महिनाभरात 'मीठ कमी हाय' याच्या पलीकडे ते पहिल्यांदाच एवढं बोलले होते, म्हणून मी विचारलं, मग कशी पाहिजे? "घाण पायजे." कुठं लावू? "सगळीकडं न्हाई लागत," म्हणाले आणि उठून गेले. जाताना एकदा मागं वळून बघितलं. गळाला मासा लागला होता.

आयुष्यभर वस्तू चकचकीत करायची सवय, आता घाण करायला शिकायचं होतं. टिकल्या, तोरण काढलं, सोनेरी काठ पॉलिश पेपरनं घालवला. आधी डबीतलं काजळ फासलं, तर ते तेलकट, वाळेचना. गाडीला कुणाची दृष्ट लागायची भीती तेवढी उरली नाही. सगळं पुसलं. मग तव्याची काजळी पाण्यात पातळ कालवली, ब्रशनं लावली आणि लगेच कापसानं टिपली. काळं आपोआप फटींत आणि कोपऱ्यांत जाऊन बसलं, देवाचं तांब्याचं ताम्हण कितीही घासलं तरी नक्षीत राहतं तसं. तेवढ्यात मागून आवाज आला, "चाकाच्या वरती काळं नसतंय. तांबूस पायजे. ब्रेक घासला की लोखंडाचा भुगा उडतो." मी देव्हाऱ्यामागची गेरूची पुडी काढली, शेजारच्या हौसाकाकूंकडून चिमूटभर मिसरी आणली, दोन्ही मिसळलं. रंग असा जमला की आबा काही बोललेच नाहीत. त्यांचं गप्प बसणं म्हणजे पास.

तेव्हा मला त्यांची दुखरी नस सापडली. चुकीचा डाग ह्या माणसाला सहन होत नाही. मग मी मुद्दाम चुकायला लागले. छपरावर गेरू लावला, तर म्हणाले, तिथं सिमेंटची धूळ बसते. मी रांगोळी चाळून भुरभुरली आणि पातळ फेविकॉलनं बसवली. धरायच्या दांड्यावर काजळी लावली तर माझ्या हातातून ब्रश घेतला. "दांडा मळत न्हाई गं. हात लागून लागून उजाळतो." त्यावर पेन्सिलीचं शिसं घासायची युक्ती मात्र माझी. पायरीचा रंग मधोमध उडवला, कारण पाय तिथंच पडतो. एका बाजूच्या कठड्याखाली तंबाखूचे डाग पाहिजेत म्हणाले. कुणाचे, असं मी विचारलं. "गार्डाचे," म्हणाले आणि खिडकीबाहेर बघत बसले.

डाग सांगता सांगता बाकीचंही बाहेर पडायला लागलं. गाडी कुठंतरी उसाच्या रानात तासन्‌तास थांबायची, डब्यात दिवा नाही, संडास नाही, इंजिन पार पुढं, हाक मारली तर ऐकायला कुणी नाही. इतकी वर्षं मी ह्या घरात नांदले, पण त्यांनी मला हे कधी सांगितलं नव्हतं. आम्हाला नुसती शिट्टी आणि पांढरा शर्ट दिसायचा. शिवा, ते तुझ्यावर रागावलेले नाहीत. ते भ्यालेत. पण भीती वाटते म्हणायला ह्यांची जीभ उचलत नाही, त्यापेक्षा रागावणं सोपं. मला तुझ्या काळजीनं झोप लागत नाही हे मी दहा जणांना सांगून मोकळी होते. ते कुणाला सांगणार?

परवा मिरजेहून इलाहीभाई आले होते, आबांच्या बरोबरीचे गार्ड. टेबलावरची गाडी त्यांनी उचलली, उलटी केली, दांड्यावरून अंगठा फिरवला. म्हणाले, "हंबीरराव, तुमची व्हॅन रेल्वेनं घरी कवा पाठवली?" आबांनी माझ्याकडं बोट दाखवलं. इलाहीभाई उठून उभे राहिले आणि मला सलाम केला. "वहिनी, लय भारी. आवं, डागसुद्धा हंबीररावांचेच हायत." अगं, सासूबाईंनी माझ्या पुरणपोळीला पहिल्यांदा बरं म्हटलं होतं तेव्हाही मला एवढं चढलं नव्हतं. मग चहा घेताना ते सहज बोलून गेले की मिरज स्टेशनात त्यांनी तुला बघितलं. "गाडी सुटताना झेंडी अशी सरळ धरली होती पोरीनं. गाडी वळणावर गेली तरी आत गेली न्हाई, मागं बघत हुबी." आबा बशीतला चहा फुंकत राहिले. तो केव्हाच निवला होता.

इलाहीभाई गेल्यावर त्यांनी गाडी जवळ ओढली आणि मला म्हणाले, "ह्यो तंबाखूचा डाग काढ. तिच्या गाडीला कशाला?" मी लगेच ओला कापूस फिरवला. डाग निघाला.

आता पत्राचं कारण. आज सकाळी एकच भाग उरला होता, मागं लावायची एलव्हीची पाटी. ती मात्र आबांनी स्वतः घेतली. माझा भुवयांचा चिमटा, त्यांचा चष्मा, आणि श्वास रोखून बसलेले आम्ही दोघं म्हातारे. तुम्ही लहान असताना ते सांगायचे ते आठवतं? ती पाटी दिसली की स्टेशन मास्तरला कळतं, गाडी अखंड आली, मागं काही सुटलं नाही. पाटी बसली. मान वर न करता ते म्हणाले, "एलव्ही टाकारीवरनं कवा जाती गं?" मला वाटलं पाटीबद्दलच बोलतायत. म्हटलं, आधी फेविकॉल तर वाळू दे. तेव्हा त्यांनी चष्मा काढला. "फेविकॉल न्हवं गं. आपली एलव्ही." मी पदर तोंडाला लावून आत गेले, तर मागून हुकूम आला, "मी इचारलं म्हणून तिला सांगू नगं." फोनवर सांगितलं तर ते भिंतीला कान लावून ऐकतील, म्हणून हे पत्र. आता नीट वाच. साताऱ्याकडं जाणारी गाडी घेऊन सांगलीतून सुटलीस की मला मिस्ड कॉल दे. मी त्यांना काहीतरी निमित्त काढून स्टेशनावर आणते. निमित्त लागणार नाही म्हणा, ट्रंकेतला पांढरा शर्ट इस्त्री होऊन खुंटीला लागलाय आणि तो कशासाठी हे मी विचारायचं नाही असं ठरलंय. तू मागच्या व्हरांड्यात उभी राहा, झेंडी सरळ धर, आणि स्टेशन पार होईपर्यंत आत जाऊ नकोस. आणि सुट्टी मिळाली की घरी ये. आमची गाडी इतके दिवस पाटीवाचून उभी आहे.

तुझीच,
विजयी आई

ता. क. मण्यांचं तोरण मी टाकलेलं नाही. तुझ्या खऱ्या डब्याला बांधायला परवानगी लागते का, ते विचारून ठेव.