शंभर कोंबड्यांची कुपी

पडेगाव, छत्रपती संभाजीनगर
रविवार, दुपार

प्रिय संध्या,

'प्रिय' वाचून दचकू नकोस. तू माहेरी गेलीस की मी कुणाच्या तरी हाती चिठ्ठी द्यायचो, तेव्हा वर 'चि. सौ. संध्या' असं लिहायचो. आज सवयीनं 'चि.' लिहून झालं आणि हात पुढं जाईना. आपल्यात असलं काही मानायचं नाही हे ठरलेलं आहे, विहारात मीच चारचौघांना सांगत असतो. तरी जाईना. मग तो कागद बाजूला ठेवला, दुसरा घेतला आणि 'प्रिय' लिहिलं. सुनेला असं लिहितात की नाही, मला माहीत नाही.

फोनवर तू विचारतेस, 'आबा, कोंबड्या?' आणि मी 'आहेत' म्हणतो. तू म्हणतेस, थंडी पडली की येते, त्यांच्याकडं बघायला कुणीतरी पाहिजे. आता थंडी पडली आहे. म्हणून तू अजिंठ्याहून पिशवी भरून निघायच्या आधी सांगतो. कोंबड्या गेल्या. एकटी कलेक्टरीण राहिली आहे. लगेच फोन लावू नकोस. फोनवर मला दोन शब्दांच्या पुढं जाता येत नाही, तुला माहीत आहे. आधी हे सगळं वाच.

तू सांगून गेलीस ते मी सगळं केलं होतं, हे आधी लिहितो, नाहीतर तुला वाटेल म्हाताऱ्यानं दुर्लक्ष केलं. ट्रकच्या जुन्या टायरात राख, वाळू आणि कडुनिंबाचा वाळलेला पाला भरून ठेवत होतो, त्यात त्या लोळायच्या. पंखांखाली उवा दिसल्या की तिथं राख चोळायचो. जंताचं औषध द्यायच्या आदल्या संध्याकाळी पाण्याची भांडी उचलून ठेवायची, म्हणजे सकाळी तहानेनं सगळं पितात, तेही पाळलं. खुराड्याच्या फटींत ते बारीक लाल किडे झाले होते, अंधारात बाहेर येऊन कोंबड्यांचं रक्त पिणारे. त्यांच्यासाठी माळ्यावरचा ब्लोलॅम्प काढला आणि एकेक फट भाजून काढली. उभा जन्म कंपनीत फिटर म्हणून गेला, तेव्हा हे काम मला जमणारच. दोन कोंबड्यांच्या पायांवर खवले सुटले होते, त्यांना करंजाचं तेल लावून बरं केलं. तू असतीस तर म्हणाली असतीस, आबा, माझ्यापेक्षा तुम्हीच जास्त लाड करायला लागलात. दिवस तेवढा बरा जायचा. कामात असलं की घरात कुणी बोलत नाही हे लक्षात येत नाही.

राहिली ती फक्त कुपी. मानमोडीची लस.

तुझ्या माहेरच्यांना हे पत्र वाचून दाखवलंस तर त्यांना कळावं म्हणून लिहितो, तुला तर पाठच आहे. शंभर कोंबड्यांच्या खाली कुपी मिळत नाही, आणि एकदा पाणी मिसळलं की ती तासा-दोन तासांत संपवावी लागते. आपल्या गल्लीत एकेकीकडं दहा-पंधरा कोंबड्या. म्हणून वर्षातून दोनदा, होळीच्या सुमाराला आणि पाऊस सरता सरता, सगळी गल्ली आपल्या अंगणात जमायची. राजकुमार क्रांती चौकातून थर्मासमध्ये बर्फ घालून कुपी आणायचा. बायका डालग्यात, टबात, कुणी नुसतंच काखेत धरून कोंबड्या घेऊन यायच्या. तू डोकं आडवं धरायचीस, तो डोळ्यात एक थेंब सोडायचा, आणि कोंबडीनं डोळा मिटून उघडला की तू पायाच्या नखाला तुझं नेलपॉलिश लावायचीस, झालेली परत येऊ नये म्हणून. नसीम आपा म्हणायच्या, आमच्या लेकींना नाही मिळालं ते कोंबड्यांना मिळतंय. कोंबड्यांची पिसं, बायकांचा गलका आणि त्यात राजकुमारचं ते 'पुढची घ्या, पुढची घ्या' असं बस कंडक्टरासारखं ओरडणं. मी खाटेवर बसून नुसता वैतागायचो. वैतागणं हे माझं त्यातलं काम होतं.

या वर्षी होळीच्या आधी राजकुमार गेला. त्याबद्दल तुला मी काय लिहू? त्याला दवाखान्यातून आणलं तेव्हा मी गाडीच्या ड्रायव्हरला गल्लीच्या तोंडाशी वळण कसं घ्यायचं ते सांगत होतो. डावीकडं खड्डा आहे, जरा उजवीकडून घ्या. अख्ख्या दिवसातलं मला तेवढंच नीट आठवतं. लोक म्हणाले, पोरगा गेला तरी सांडूभाऊ मन घट्ट करून राहिले. घट्टबिट्ट काही नव्हतं. तिथं काही नव्हतंच. पुण्यानुमोदन झालं, लोक जेवून गेले, काही दिवसांनी तुझी आई तुला घेऊन गेली, आणि होळीची कुपी राहून गेली. पाऊस सरतानाची दुसरी, तीही राहिली. मला वाटत होतं, गल्लीतून कुणीतरी विचारायला येईल. कुणी आलं नाही. मीही कुणाच्या दारात गेलो नाही. दुःखाच्या घरातून उठून लोकांना कोंबड्यांचं काय विचारायचं, असं मला वाटलं.

गणपती उठल्यावर पांढरी तुर्रेवाली शिंकायला लागली. मला वाटलं हवा बदलली आहे. मग विष्ठा हिरवी पडायला लागली, तोंड उघडून श्वास घेणं सुरू झालं, आणि तिसऱ्या की चौथ्या दिवशी दोघींचे पंख जमिनीला लागले. जनावरांच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टर चांगले होते, त्यांनी आडपडदा ठेवला नाही. म्हणाले, हा विषाणू आहे, यावर औषध नाही. आजारी वेगळ्या करा. मेलेल्या खोल पुरा, वर चुना टाका, नाल्यात फेकू नका, कापून खाऊ नका, कुणाला विकू नका. अंघोळ करून धुतलेले कपडे घातल्याशिवाय दुसऱ्यांच्या कोंबड्यांत जाऊ नका. मी विचारलं, लस आता देऊ का? म्हणाले, तुमच्या घरात आता उशीर झाला, जिथं आजार पोचला नाही तिथं द्या. मी मान हलवली आणि बाहेर येऊन रिक्षात बसलो.

त्यानंतर रोज सकाळी खुराडं उघडायचं आणि मेलेली बाहेर काढायची, एवढंच काम होतं. शेवग्याच्या पलीकडं खणत गेलो. तुझी ती खुडूक बसलेली तांबडी अंड्यांवरच गेली. अंडी अजून गरम होती. मी तीही तिच्याबरोबर पुरली. संध्या, मला काही वाटत नव्हतं. हे मी कौतुक म्हणूनही लिहीत नाही आणि तक्रार म्हणूनही नाही. खणताना खड्डा किती खोल झाला एवढंच कळत होतं. चुना टाकायचा, माती ओढायची, हातपाय धुवायचे, चहा टाकायचा. चहा दोन कपांचा व्हायचा, सवय आहे. उरलेला तासाभरानं गरम करून प्यायचो.

कलेक्टरीणही पडली होती. ती कुणाचं ऐकणारी नव्हती, तुला माहीत आहे, तपासणीला आल्यासारखी अंगणभर फिरायची, म्हणून तर राजकुमारनं तिचं ते नाव ठेवलं. ती काही मेली नाही. आठवड्यानं उठून उभी राहिली, पण मान वाकडी झालेली. एक डोळा आभाळाकडं आणि एक जमिनीकडं. पुढं जायला निघते आणि स्वतःभोवती गोल फिरते. दाणा दिसतो तिला, चोच मारते ती दाण्याच्या शेजारी. डॉक्टर म्हणाले, काहींची राहते अशीच. मग मी ज्वारीचं पीठ भिजवून तिला मांडीवर घेऊन भरवायला लागलो. पहिल्या दिवशी तिनं दहादा चोच चुकवली, माझ्या अंगठ्यावर मारली, आणि अकराव्यांदा घास बरोबर लागला. तेव्हा मी रडलो. बऱ्याच वेळानं थांबलो. कलेक्टरीण मांडीवर तशीच बसून होती, एक डोळा वर करून. राजकुमारसाठी मी रडलो नव्हतो. ते सगळं तिच्या वाट्याला आलं.

दुसऱ्या दिवशी माळ्यावरून थर्मास काढला. त्याला अजून वास येतो, त्या कंपनीच्या कॅन्टीनमधल्या चहाचा. धुतला, बर्फ घातला आणि बसनं क्रांती चौकात जाऊन कुपी घेऊन आलो. आपल्या अंगणात तर करता येणार नव्हतं. गल्लीच्या टोकाच्या घरांत आजार पोचला नव्हता. डॉक्टरांनी सांगितलं होतं तशी अंघोळ केली, धुतलेले कपडे घातले, चपला घरीच ठेवल्या आणि अनवाणी नसीम आपांच्या दारात जाऊन उभा राहिलो. मौतीहून आल्यावर करतात तसं सगळं, फक्त उलट्या दिशेनं. मी म्हणालो, कुपी आणली आहे, कोंबड्या काढा. त्यांनी आधी मला ओट्यावर बसवलं. मग म्हणाल्या, "चचा, हम तो रोज सोचते थे. लेकिन गम के घर में मुर्ग्यां लेके कैसा आना? आप बुलाए नहीं, हमें जुबान नहीं हुई." संध्या, सगळ्या गल्लीत हेच चाललं होतं. माझं मन दुखू नये म्हणून त्या आल्या नाहीत आणि त्यांना अवघड वाटू नये म्हणून मी गेलो नाही. इतक्या अदबीनं आम्ही सगळे घरात बसून राहिलो, आणि त्या अदबीत कोंबड्या गेल्या. कुणाची चूक म्हणावी तर कुणाचीच नाही. आपांनी डोकं धरलं, मी थेंब सोडला. फिटरचा हात आहे, अजून थरथरत नाही. नेलपॉलिश नव्हतं, त्यांच्या नातीनं तिच्या मेंदीचा कोन आणून दिला. 'पुढची घ्या' म्हणायला कुणी नव्हतं. थोड्या वेळानं मीच म्हणायला लागलो.

आता हे पत्र का लिहायला बसलो ते लिहितो. परवा अतुल येऊन गेला. तुझा भाऊ म्हणजे गाडीच्या कामाला शहरात आला की वाकडी वाट करून माझ्याकडं चहाला येणारच. त्यानं रिकामं खुराडं वाकून बघितलं, तेव्हा तुला मीच कळवीन असं त्याला सांगितलं. मग जायला उठल्यावर दारात म्हणाला, "आबा, देवगाव रंगारीचं एक स्थळ आलंय. माणूस चांगला हाय. पर ताई व्हय बी म्हणत नाय अन् नाय बी म्हणत नाय. तिकडं कोंबड्या हायेत, एवढंच म्हणती." मी त्याला 'बरं' म्हणालो आणि फाटक लावलं. पण संध्या, मला कोंबड्या म्हणजे काय ते कळलं. तू मला एकट्याला टाकून जायचं नाही म्हणून बोलत नाहीस, आणि तुला वाटेल सासरा घराबाहेर काढतोय, म्हणून मी बोलत नव्हतो. पुन्हा तीच अदब. या वेळी मी बोलावण्याची वाट बघणार नाही, कुपी घेऊन मीच तुझ्या दारात आलो आहे असं समज. कोंबड्यांसाठी येऊ नकोस, कोंबड्या नाहीत. माझ्यासाठीही येऊ नकोस. मला फार बरं वाटेल तू आलीस तर, ते लपवत नाही, आणि म्हणूनच सांगतो, येऊ नकोस. तुझं मन त्या माणसाला नाही म्हणत असेल तर खुशाल नाही म्हण, पण ते तुझ्या मनाचं असू दे, माझ्या खुराड्याचं नको. आणि मन हो म्हणत असेल तर हो म्हण. तुझ्या बापाच्या शेजारी उभं राहायला मला जागा ठेव, मी धुतलेले कपडे घालून येईन. कलेक्टरीण इथंच राहील, तिला दुसऱ्या कोंबड्यांत सोडायचं नाही असं डॉक्टरांनी सांगितलं आहे, आणि तिला भरवायला कुणीतरी पाहिजेच. 'चि.' लिहून अडलेला तो पहिला कागद मी फाडलेला नाही. गादीखाली ठेवला आहे. पुढचं अक्षर लिहायला हात तयार आहे, तू सांगितलंस की लिहितो.

तुझाच,
आबा