डोनल हरावा म्हणून

२४ मे २००७, गुरुवार
आज आयर्लंडमध्ये मतदान. डोनल इथल्या हार्बरफ्रंटच्या ऑफिसातली माझ्या शेजारची खुर्ची सोडून मायदेशी गेला तो यासाठीच. त्याच्या गावातलं हॉस्पिटल बंद होतंय म्हणून अपक्ष उभा! जाताना म्हणाला, "हरलो तर जुलैत परत येतो, इथेच लग्न करू. जिंकलो तर तू ये." मी हो म्हटलं. हो म्हणायला काय लागतं! आई नागपूरचं घर मोडून नुकतीच इथे परदेशात माझ्याकडे आलीय. तिला पुन्हा कुठे हलवू?

२५ मे
इथल्या दुपारी चारला, तिथल्या सकाळी नऊला, मोजणी सुरू झाली. जागा तीन, डोनल चौथा! पण तिथे मतदार पसंतीचे क्रम देतात — तळाचा बाद झाला की त्याची मतं पुढच्या पसंतीला जातात. म्हणजे चौथाही वर चढतो. ऑफिसातला वरुण म्हणाला, "टेन्शन नको, येईल निवडून." मी हसले. मनात एकच — हरू दे. हरू दे त्याला!

२६ मे
हरला! शेवटच्या फेरीत, थोडक्यात.
मी अशी ओरडले की आई लाटणं घेऊनच बाहेर आली.
"निवडून आला?"
"नाही! हरला!"
"मग एवढी खूश कशानं?"
संध्याकाळी त्याचा फोन. मागे कोणी बाई म्हणत होती, पुढच्या वेळी नक्की. "नाही, झालं आता," तो तिला म्हणाला. मग मला — "तिकीट काढतो. शब्द दिलाय तुला."
हा आवाज त्याचा नव्हे. मी म्हटलं, "बरं." बरं! एवढंच सुचलं.

२८ मे
चैन नाही. घरी येताना मेट्रोतून आमच्या चोआ चू कांगला उतरायचं सोडून पुढच्या स्टेशनवर, यू टीला गेले.

३१ मे
वेसाकची, म्हणजे इथल्या बुद्धपौर्णिमेची सुट्टी. "आपली पौर्णिमा तर कधीच झाली," म्हणत आईनं बुद्धापुढे मेणबत्त्या लावल्याच. खीर वाढताना विचारलं, "मग ते हॉस्पिटल बंद होणार?"
"बहुतेक."
"आणि तो इथे येऊन काय करणार?"
"पूर्वीचीच नोकरी."
"करवेल त्याला?"
मी वाटी खाली ठेवली.

४ जून
राजीनामा दिला. डोनलला कळवलं — तिकीट काढू नकोस, मी येते, पुढची निवडणूक लढव.
आई म्हणाली, "स्वेटर दोन घे. मी काय इथे एकटी राहू?"