सुदृढ बालकाचे पहिले बक्षीस परत घेण्याबाबत

प्रति,
मा. बालआरोग्य अधिकारी,
बालआरोग्य कार्यालय, दुसरा मजला.

विषय : अर्जदाराच्या मुलास दिलेले ‘सुदृढ बालक’ पहिले बक्षीस रद्द करून तसा शिक्क्याचा कागद मिळण्याबाबत.

संदर्भ : १) याच विषयावरचे आधीचे दोन अर्ज. २) ‘बक्षीस परत घेण्याची तरतूद नाही’ हे आपले एका ओळीचे उत्तर.

महोदय,

देव आपले भले करो. हे वाक्य अर्जदार मनापासून लिहीत आहे, कारण यापुढे या अर्जात आपल्या भल्याचे काही नाही.

१. अर्जदार ही सदर बालकाची आई असून कपड्यांच्या कारखान्यात बाह्या जोडते. नवरा लांब पल्ल्याच्या मालगाडीवर चालक आहे. मूल दिवसभर सासूबाईंकडे असते. सासूबाई मायाळू आहेत, पण गुडघ्यांनी अधू. घास घेऊन मुलामागे धावणे त्यांना जमत नाही. बाटली मात्र बसल्या जागी देता येते. त्यामुळे मूल रडले की दूध, हसले की दूध, झोपेत कूस बदलली तरी दूध. मूल गुटगुटीत झाले आणि दिवसेंदिवस गोरे होत गेले.

२. गेल्या स्पर्धेत आपण त्यास काट्यावर ठेवलेत, गालगुच्चा घेतलात आणि माईकवर “हा तर लोण्याचा गोळा” असे म्हणालात. तेव्हापासून गल्लीत त्याचे नाव लोण्या पडले. खरे नाव लसीच्या कार्डापुरते उरले आहे. आपण वजन पाहिलेत, रंग पाहिलात. पापणी खाली ओढून पाहिली नाहीत. बक्षिसात पदक, प्रमाणपत्र आणि वर्षभर पुरतील इतके दूध भुकटीचे डबे दिलेत. डबे घरात आले आणि अंडी, पालेभाजी घरातून गेली. गरिबाच्या घरी जे फुकट मिळते तेच पौष्टिक ठरते, महोदय.

३. पुढे लोण्या चालता चालता खाली बसू लागला. भिंतीचे पोपडे खाऊ लागला, तेही नेमके आपल्या प्रमाणपत्राखालचे. अर्जदाराने एका पाळीची मजुरी बुडवून त्यास दवाखान्यात नेले. बाहेर बाकावर थांबली असता समोर आपल्या कार्यालयाचे चित्र लावलेले होते : दुधाचा पेला धरलेले हसरे मूल. शेजारची बाई म्हणाली, “बघा, बाळ कसं, तर असं हवं.” चित्रातला लोण्याच होता, बक्षिसाच्या दिवशी टिपलेला. मांडीवरच्या लोण्याला तिने ओळखले नाही.

आत डॉक्टरीणबाईंनी पापणी ओढली. आत कोऱ्या कागदासारखे पांढरे. रक्त तपासले, तर हवे त्याच्या जेमतेम निम्मे. त्या म्हणाल्या, “हा गोरेपणा नाही हो, फिकटपणा आहे. दुधात लोह नावापुरतं. पोट मात्र भरतं. मग डाळ, अंडं, भाजी जाणार कुठं?” दूध दिवसाला दोन लहान कपांवर आणावे, जेवणात लिंबू पिळावे, लोहाचे थेंब द्यावेत आणि ते दुधासोबत देऊ नयेत, असे त्यांनी बजावले.

४. हे सर्व घरी सांगितले असता सासूबाईंनी भिंतीकडे बोट केले. “अगं, साहेबांनी स्वतःच्या हातानं पदक घातलंय. तुझ्या डॉक्टरीणबाईंनी काय दिलं? बाटलीभर कडू पाणी.” ते कडू पाणी त्या आता दुधात मिसळून देतात, पोराला चव लागू नये म्हणून. ते अंगी लागत नाही. नवऱ्याला फोन केला तर “दोघी मिळून ठरवा” म्हणतो आणि गाडी पुढे काढतो. अर्जदाराने नोकरी सोडली तर लिंबू पिळायला ताटात जेवण उरणार नाही.

५. म्हणून आपल्या दारी आले. आपले लिपिक म्हणाले, “बाई, बक्षीस मिळालं नाही म्हणून भांडणारे रोज येतात. मिळालं म्हणून भांडणाऱ्या तुम्हीच.” सगळे हसले. अर्जदारही हसली, आणि मग जिन्यात बसून राहिली. त्यानंतर आपले पत्र आले, ते बक्षीस रद्द केल्याचे नव्हे. येत्या स्पर्धेत लोण्याने मानाचा पाहुणा म्हणून मंचावर यावे, असे त्यात आहे. मंचाच्या पायऱ्या चढताना त्याला धाप लागते, हे आपल्या पाहुणचारात बसते का, ते कळवावे.

६. अर्जदार कीर्तनाची वेडी आहे. पायात गोळे आले तरी शेवटच्या पदापर्यंत उठत नाही. तिथे बुवा सांगतात, देव चुकलेल्याला पोटात घेतो, पण आधी त्याने “चुकलो” म्हणावे लागते, तेही सुरात. आपल्याला सुराची अट नाही. सही-शिक्का पुरे.

७. सबब, प्रमाणपत्राच्याच आकाराचा, तशाच सोनेरी किनारीचा कागद द्यावा. त्यावर ठळक अक्षरांत लिहावे : ‘हे मूल सुदृढ नाही. याच्या रक्तात लोह कमी आहे. आधी जेवण. दूध दोन लहान कप. थेंब दुधात नकोत.’ खाली तीच सही, तोच शिक्का. सासूबाईंचा सुनेवर विश्वास नाही, डॉक्टरीणबाईंवर नाही, आपल्यावर आहे. आपण तो कमावलेला नाही, पण पडला आहे तो आपल्याच पदरात.

घरी भिंतीवर नुसता खिळा आहे. काच तडकली, बदलायला टाकली, असे खोटे बोलून प्रमाणपत्राची चौकट आठवड्यापूर्वीच घरातून काढली, ती आता इथे आणली आहे. सासूबाई रोज विचारतात, “एका काचेला एवढा वेळ?” पुढची तपासणी स्पर्धेच्या आधी आहे, रक्त आणखी उतरले तर लोण्याला दुसऱ्याचे रक्त चढवावे लागेल. त्याआधी चौकट भरून मिळावी. न मिळाल्यास अर्जदार आपले निमंत्रण स्वीकारील. लोण्याला कडेवर घेऊन मंचावर येईल आणि जमलेल्या सगळ्या आयांसमोर, आपल्याच माईकपाशी, त्याची पापणी खाली ओढून दाखवील.

अजून तरी आपली नम्र,
लोण्याची आई

दिनांक : स्पर्धेच्या आधीचा महिना, पगाराचा दिवस

सोबत :
१) प्रमाणपत्र, मूळ.
२) पदक. फितीला दुधाचा वास आहे, धुऊन जात नाही.
३) रक्ततपासणीचा अहवाल.
४) चौकट, रिकामी. काच शाबूत आहे, सांभाळून ठेवावी.