दोन दारं

अकोला,
९ मार्च २०२५

ति. अश्विनदादास,
दीक्षाचा सविनय जय भीम. वि. वि.

फोनवर तू मला ब्लॉक केलं आहेस, म्हणून हे पत्र. बाबा पोस्टमन होते तेव्हा म्हणायचे की रागाचं बोलणं पाकिटात घालावं, चांदूर रेल्वेहून अमरावतीला पोचेपर्यंत निम्मं थंड होतं. अकोला तर त्याहून लांब आहे. तेव्हा हे तुला पुरेसं गार मिळावं.

मागायला लिहीत नाही, कळवायला लिहिते आहे. पुण्याच्या एका कॉलेजात फिजिशियन असिस्टंटच्या दोन वर्षांच्या मास्टर्सला मी अर्ज केला आहे. ज्या डॉक्टरच्या हाताखाली सगळ्यांत जास्त काम केलं त्याचं नाव द्यावं लागतं. बीएस्सी नर्सिंग झाल्यापासून मी तुझ्याच दवाखान्यात इन्चार्ज सिस्टर होते, इथल्या आयसीयूत येऊन जेमतेम वर्ष होतं आहे. म्हणून तुझं नाव दिलं. दुसरं कोणी असतं तर तुला तसदी दिली नसती. मुलाखतीच्या आधी ते लोक तुला फोन करतील. त्यांचा तरी नंबर ब्लॉक करू नकोस.

दादा, ही सीट मला हवी आहे. तुला डॉक्टर करायचं ठरलं तेव्हा घरात माझ्यासाठी नर्सिंगचा फॉर्म आला. मी तो भरला, काम आवडीने केलं, कुरकुर केली नाही. पण पेशंटच्या उशाशी दिवसभर उभं राहायचं, सगळं दिसायचं आणि बोलायचं मात्र काही नाही, असं जन्मभर मला जमणार नाही. या शिक्षणानंतर पेशंट तपासता येतो, डॉक्टरबरोबर बसून उपचार ठरवता येतो. तिशी आली. या वर्षी झालं तर झालं.

आईच्या गुडघ्याला गरम पाण्याचा शेक दे, ती सांगणार नाही. वहिनींना जय भीम. कळावे, लोभ उरला असेल तेवढा असू द्यावा.

दीक्षा

*

अमरावती,
१७ मार्च २०२५

चि. दीक्षा हीस,
जय भीम.

तुझं गार पत्र मिळालं. वाचून डोकं तापलं.

कोणत्या तोंडाने माझं नाव दिलंस? विसरली असशील तर आठवण करून देतो. नांदगाव पेठच्या कापड कारखान्यातले खुशालराव छातीत दुखतं म्हणून आले. ईसीजी मी पाहिला, औषध मी सुरू केलं, तासाभराने पुन्हा ईसीजी काढू असं तुला सांगून मी ओपीडीत गेलो. तेवढ्यात तू मला न विचारता अ‍ॅम्ब्युलन्स बोलावलीस आणि माझा पेशंट हृदयरोगाच्या मोठ्या दवाखान्यात पाठवून दिलास. तिथल्या डॉक्टरांनी काय सांगितलं? की इतकी घाई नव्हती, पेशंट अमरावतीच्या कुठल्याही साध्या दवाखान्यात सांभाळला गेला असता. खुशालरावांच्या माणसांनी मात्र गावभर केलं की डॉक्टरवर त्याच्या सख्ख्या बहिणीचा भरवसा नाही. त्यानंतर माझी ओपीडी किती दिवस ओस पडली ते तू पाहिलं आहेस. वर, मी दोन शब्द बोललो तर बॅग भरून अकोल्याला निघून गेलीस.

आणि हे फिजिशियन असिस्टंट म्हणजे असतं तरी काय? डॉक्टर नाही, सिस्टर नाही, ना घर का ना घाट का. राजापेठेत कोणी विचारलं की बहीण काय शिकते, तर सांगू काय? शिकलेली कंपाउंडर? आपल्या घराण्यातला पहिला डॉक्टर मी, आणि माझी बहीण मोठ्ठी फी भरून कोणाची तरी असिस्टंट होणार.

पुण्याहून फोन आला तर विचारतील ते खरं सांगेन. चांगलं बोलेन अशी आशा ठेवू नकोस.

आईला शेक तुझी भावना वहिनी देते. तू काळजी करण्याची गरज नाही. कळावे. लोभाचं नंतर बघू.

डॉ. अश्विन, एम.डी.

*

अमरावती,
२४ मार्च २०२५

चि. दीक्षाले आईचे लाख आशीर्वाद अन् जय भीम.

मी बोलून राहिली अन् भावना लिहून राहिली. तिले सांगतलं हाय का जशी बोलतो तशीच लिहिजो, तुह्या पुस्तकातलं त्यात घालू नोको.

पोरी, तुमी दोघं एका मायचे, पण कोणी म्हणन का? हा इथं तणतण करून राहिला, तू तिथं. पोस्टमन इतक्या दिसानं तुहं पत्र घेऊन आला, त्यालेबी आता समजलं का या घरात काईतरी शिजून राहिलं. सुंभ जळला तरी पीळ जात नाई, तसे तुमी. तुहे बाबा असते तर दोघायचेबी कान धरले असते.

तू शिकाले चालली, मले आनंद हाय. काय शिकाले चालली ते मले समजलं नाई, भावनानं दोनदा सांगतलं तरी नाई. पण शिक.

एकच ऐक. तिथं मुलाखतीत घरचं काई सांगू नोको. ते खुशालरावचं तर तोंडातूनबी काढू नोको. भावाचं नाव आपणच वेशीवर टांगाचं नसते. तो कितीबी बोंबलला तरी तोबी सांगणार नाई, त्याचीच इज्जत हाय त्यात. मले वचन दे, पत्रात नाई तर मनात दे.

भाकर खात जा. मेसचं खाऊन वाळली असशीन. जीव लावत राहा, आमीबी लावतो.

तुही आई, चतुराबाई

ता. क. दीक्षाताई, हे माझं. आईंना सांगू नका, पण मला हे वचन पटलेलं नाही. — भावना

*

अकोला,
२१ एप्रिल २०२५

ति. अश्विनदादास,
जय भीम.

आज गार वगैरे काही नाही. पाकीट हाताला पोळलं तर पोळू दे.

पुण्याला जाऊन आले. समोर तिघं बसले होते, मधल्या वयस्कर डॉक्टर मॅडमच बहुतेक विचारत होत्या. बीपी, शुगर, औषधांचे डोस, आयसीयूतलं काम, सगळं नीट झालं. मला वाटायला लागलं होतं की मिळते सीट. मग मॅडमनी विचारलं की डॉक्टरांचं मत पटलं नाही असा एखादा प्रसंग सांगा, तेव्हा तुम्ही काय केलंत.

दादा, माझ्या जिभेवर एकच प्रसंग होता. पण आईला मनात वचन दिलं होतं. आणि खरं सांगायचं तर आईचं एकटीचं कारण नव्हतं. परक्या लोकांसमोर तुझं नाव खाली पाडायला जीभ उचलेना. मी हसून म्हटलं की असं कधी झालंच नाही, डॉक्टर माझे भाऊच होते, आमचं छान जमायचं.

मॅडमनी समोरचा कागद पाहिला. म्हणाल्या की तुमच्या भावांनी तर फोनवर अर्धा तास वेगळंच सांगितलं. अ‍ॅम्ब्युलन्स, न विचारता, परस्पर, भरवसा नाही, सगळं. मग म्हणाल्या की डॉक्टरशी भांडणारी असिस्टंट त्यांना चालते, लपवणारी चालत नाही, कारण आज भावाचं झाकणारी उद्या पेशंटच्या बाबतीत झाकेल. एवढी लाज मला कधी वाटली नव्हती, आणि ती तुझं नाव राखताना वाटली.

तू तुझी इज्जत स्वतःच चव्हाट्यावर मांडलीस, फक्त माझी सीट जावी म्हणून. मी ती राखायला गेले आणि खोटारडी ठरले. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

बाकीची उत्तरं चांगली होती म्हणून त्यांनी एक संधी दिली आहे. मेच्या दुसऱ्या आठवड्यात पुन्हा बोलावलं आहे, याच एका प्रश्नासाठी. या वेळी मी सगळं सांगणार आहे. तुला आवडो न आवडो. आईला सांग की वचन मोडते आहे.

लोभ मागत नाही.

दीक्षा

*

अमरावती,
२८ एप्रिल २०२५

चि. दीक्षा,
जय भीम.

सांग. माझी हरकत असेल असं तुला का वाटलं? मी तुझी सीट घालवायला बोललो नाही. त्यांनी विचारलं की तिच्यात दोष काय, मी दोष सांगितला. कामात हुशार आहे, पेशंट तिच्यावर जीव टाकतात हेही सांगितलं, ते तुला मॅडमनी सांगितलेलं दिसत नाही. तू थाप मारशील हे मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. लहानपणी तू खोटं बोललीस की कान लाल व्हायचे, तेव्हा तीन डॉक्टरांसमोर तुझी डाळ शिजणार नव्हतीच.

पण सांगशील तर पुरतं सांग. अर्धं सांगून हिरॉइन होऊ नकोस. खुशालरावांचं बीपी पडत होतं हे खरं, पण तुझा अंदाज चुकला हेही खरं, आणि ते मोठ्या दवाखान्याच्या डॉक्टरांनी सांगितलं हेही सांग. आणि मी कुठे होतो तेही सांग. मी गावाला नव्हतो, झोपलो नव्हतो. ओपीडीत होतो, दोन दारं पलीकडे. तेवढी दोन दारं ओलांडून तू आली नाहीस. ओपीडी रिकामी पडली त्याचं मला तितकं लागलं नाही. दोन दारांचं अजून लागतं.

फोनवरचं कळल्यापासून आई दोन दिवस माझ्याशी बोललेली नाही. भावना तुझ्या बाजूची आहे हे मला कळलं आहे, तिने पत्रात काय लिहिलं ते मी विचारलेलं नाही.

कळावे.

अश्विन

*

अकोला,
१५ जून २०२५

ति. दादास,
सविनय जय भीम. वि. वि.

आधी बातमी. सीट मिळाली. जुलैत पुण्याला जाते.

तू सांगितलंस तसं पुरतं सांगितलं. अंदाज चुकला हे सांगितलं, मोठ्या दवाखान्याचं सांगितलं, तुझी ओपीडी रिकामी पडल्याचंही सांगितलं. दोन दारांचंही सांगितलं. मॅडमनी विचारलं की का गेला नाहीत. मी म्हटलं की गेले असते तर दादा नाही म्हणाला असता, आणि त्याने नाही म्हटल्यावर त्याचा शब्द मोडायची माझ्यात हिंमत नव्हती. लहानपणापासून कधीच नव्हती. म्हणून त्याला विचारलंच नाही. हे मला स्वतःला त्या खुर्चीत बसल्यावरच कळलं.

मग त्यांनी विचारलं की उद्या पुन्हा तीच वेळ आली तर. मी म्हटलं की आधी दोन दारं ओलांडून जाईन. डॉक्टर नाही म्हणाले तर त्यांच्या समोर उभं राहूनच फोन लावेन. तिघांनी काहीतरी लिहिलं आणि मला जायला सांगितलं.

तुझे आभार मानत नाही. तू केलंस ते रागानेच केलंस, मला ठाऊक आहे, आणि माझा रागही गेलेला नाही. जाण्याआधी अमरावतीला येईन, आईला आणि वहिनींना भेटायला. तू ओपीडीत असलास तरी चालेल.

कळावे. लोभ असलाच तर राहू द्यावा.

दीक्षा

*

अमरावती,
१४ सप्टेंबर २०२५

चि. दीक्षा हीस,
सप्रेम जय भीम.

तू आलीस तेव्हा मी मुद्दाम ओपीडीत बसून राहिलो हे खरं आहे. तूही दोन दारं ओलांडून आली नाहीस, तेव्हा फिट्टंफाट झाली. डॉक्टरच्या समोर उभं राहून फोन लावायचं जे उत्तर तू दिलंस, ते मला अजिबात मान्य नाही. माझ्या दवाखान्यात कोणी तसं केलं तर मी फोन हिसकावून घेईन. हे तुला लिहून ठेवतो आहे.

आईचा गुडघा बरा आहे. पुण्याला तुझ्याकडे यायचं म्हणून तिने नवी पिशवी घेतली, आता ती रोज कोणाला ना कोणाला दाखवते. शिक्षणाचं नाव अजून तिला घेता येत नाही.

पत्र लिहायचं कारण निराळं आहे. काल खुशालराव आले होते. कारखान्यातून सुट्टी काढून, तपासायला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. तब्येत उत्तम आहे. माझ्याकडे पाहायच्या आधी त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि विचारलं की त्या सिस्टरबाई कुठं गेल्या. मी सांगितलं की पुण्याला शिकते आहे. त्यांनी विचारलं की काय. मी सांगायला लागलो, की डॉक्टर नाही, सिस्टरही नाही, पण पेशंट तपासते, आणि मग मला पुढे सांगता येईना. त्यांनाही कळेना. बाहेर रांग होती. शेवटी मी सांगून टाकलं की डॉक्टरला अडवायला शिकते आहे.

त्यांना ते लगेच समजलं. म्हणाले की मंग चांगलं शिकून राहिली.

आता राजापेठेत कोणी विचारलं तरी मी हेच सांगतो. ब्लॉक काढलेला नाही, पत्र घालत जा. कळावे, लोभ आहेच.

तुझा दादा