नाव न घेता मांडलेलं पान

२ जून

आलो एकदाचे! नव्या बसस्टँडच्या पलीकडची ही वसाहत जाहिरातीत लिहिली होती तशीच निघाली, शांत आणि हिरवी. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना करंज आणि कडुनिंब, आणि दुसऱ्या मजल्यावर आमचा फ्लॅट. हॉल, एक खोली, स्वयंपाकघर आणि कपडे वाळत घालण्यापुरती गॅलरी. लेक कीर्तना चेन्नईहून फोनवर म्हणाली, अम्मा, हे घर की डबा? डबा तर डबा, पण झाकण माझ्या हातात आहे. लग्न होऊन राजवाड्याजवळच्या घरात आले तेव्हापासून थोरल्या जाऊबाईंच्या, कमलाक्षीअक्कांच्या, स्वयंपाकघरात वावरले. मिठाची बरणी कुठे ठेवायची हेसुद्धा त्याच ठरवायच्या. आज मी मीठ गॅसच्या उजवीकडे ठेवलं आणि एकटीच हसले. यांना वाटलं, बाईला उन्हाचा त्रास झाला.

७ जून

डोकं अजून तापलेलं आहे. आम्हा तमिळ मुलखातल्या मराठी लोकांत शुभकार्याआधी घरातल्या सवाष्णपणी गेलेल्या बायकांना जेवायला बोलावतात. पाटावर नवं लुगडं, समोर केळीचं पान, आणि घरच्या थोरल्या सुनेनं एकेकीचं नाव घेऊन हाक मारायची. मग दार लोटून सगळ्यांनी बाहेर थांबायचं, आणि शेवटी उंबऱ्याशी हळदकुंकू देऊन त्यांना निरोप द्यायचा. ती नावं फक्त कमलाक्षीअक्कांना पाठ. आणि आज गृहप्रवेशाच्या पानाला बाई आल्याच नाहीत! सगळं रांधून तयार असताना यांच्या फोनवर निरोप दिला, ज्यांनी घर सोडलं त्यांच्यामागे घरच्या बायका कशाला येतील.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पुरणपोळी, वडे, डांगर पचडी, सगळं पानावर वाढलं आणि पाटासमोर उभी राहून मोठ्यानं म्हणाले, आमच्या घरच्या येत नसतील तर राहू देत, जी कुणी ऐकत असेल तिनं यावं, जेवावं, राहावं. असं बोलू नये, असं हे पुटपुटले. मी दार धाडकन ओढलं आणि दोघं जिन्यात उभे राहिलो. उघडलं तेव्हा पान दुमडलेलं होतं, जेवून उठताना आपण दुमडतो तसं. पंख्याचं वारं असेल, हे म्हणाले. वारं पचडी चाटून खातं का? ऐन शुभदिवशी भांडण झालं. निरोपाचं हळदकुंकू तसंच राहिलं, रागात कुणाला सुचतं.

११ जून

मिठाची बरणी गॅसच्या डावीकडे. डाळींचे डबे भलत्याच क्रमानं. काल मी नीट लावले, आज पुन्हा तसेच. आमची एक किल्ली अक्कांकडे गेली असणार! दुसरं कोण माझ्या स्वयंपाकघरात हात घालेल? फोन करून मनात होतं नव्हतं ते सगळं बोलले. त्यांनी ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "अय्यो भुवना, नावं घेतलीस ना ग? जेवून झाल्यावर पाठवलीस ना त्यांना?"

मी फोन आपटला. अजून मलाच शिकवतात.

१५ जून

समोरच्या अखिलानं जिन्यात थांबवलं. म्हणाली, तुमची बहीण फार गोड आहे, तुम्ही ऑफिसात गेलात की गॅलरीतून माझ्याशी बोलते, काल तिनं मला कढीपत्ता दिला. मला बहीण नाही. नेसली काय होती, विचारलं. लाखेच्या रंगाचं लुगडं.

पाटावरचं लुगडं. कपाट उघडलं, तिथे नाही.

भीती वाटली, खोटं कशाला लिहू. पण भीतीपेक्षा संताप मोठा. भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी! इतकी वर्षं दुसरीच्या घरात राहून शेवटी स्वतःचं घर घेतलं, ते हिला आयतं द्यायला का?

१८ जून

अक्कांकडे गेले. नाक मुठीत धरून. त्या ओरडल्या नाहीत, रडल्या. जिचं नाव माहीत नाही तिला जा म्हणून कसं सांगायचं, म्हणाल्या.

घरी येऊन स्वयंपाकघरात उभी राहिले आणि घसा फुटेपर्यंत ओरडले. निघ! माझं घर आहे, निघ! हे दारात आले. माझ्याकडे नाही, माझ्या पलीकडे, गॅसकडे बघून विचारलं, कोण ओरडतंय खाली?

मी समोर उभी होते.

२० जून

सकाळची कॉफी मी केली नव्हती. यांची पिऊन झाली होती. म्हणाले, इतक्या वर्षांत अशी कॉफी— मला नाही म्हणाले. मी पेला भिंतीवर फेकला. यांनी वळूनसुद्धा पाहिलं नाही. मी आंघोळ करून आले तर फरशी पुसलेली. कुणी—

कीर्तनाचा फोन. मी घ्यायच्या आत कुणीतरी घेतला. आतल्या खोलीतून हसणं. माझी मुलगी तिला अम्मा, अम्मा म्हणत होती—

केस धरून बाहेर काढीन हिला. केस दिसले तर—

२१ जून

जिन्यात बसून लिहिते आहे. वही ऑफिसच्या पिशवीत होती म्हणून.

किल्ली फिरेना. बेल दाबली. यांनी दार उघडलं आणि अदबीनं विचारलं, "यार वेणुम्, अम्मा?" कोण हवंय. तमिळमध्ये. लग्नापासून हा माणूस माझ्याशी तमिळचा एक शब्द बोलला नाही. बाहेरच्यांशी तमिळ, घरच्यांशी मराठी, आमच्यातल्या पोरांना हे शिकवावंही लागत नाही.

मी मराठीत शिव्या दिल्या. जन्मात कधी घेतलं नाही ते नाव घेतलं. शिवराज! म्हणून किंचाळले. ते घाबरले. मला घाबरले! दार लावून घेतलं, आणि आत मराठीत सांगितलं, कोण बाई आहे कळत नाही, फार चिडली आहे, तू बाहेर येऊ नकोस.

तू—

आणि आतून उत्तर आलं. मोठ्यानं. माझ्या दारात येऊन ओरडणारी ही कोण, बघतेच म्हणून. आवाज माझा. संताप, तोसुद्धा माझाच—

पावलं वाजताहेत. येऊ दे. मी हलणार नाही. घर माझं आहे. कडी काढली तिनं. दार उघडतं आहे, आणि ती मला—