गणिताच्या तासाचा चहा

मुलुंड,
नारळी पौर्णिमेचा दुसरा दिवस, १९८४

प्रिय अनू,

तुझं आठ पानांचं पत्र मिळालं. पहिली पाच पानं तू रडली आहेस, शाई फुटलीय तिथे. माणसांसमोर न रडता कागदासमोर रडलीस, ते एक बरं केलंस. मास्तरीण होऊन धड दोन महिने झाले नाहीत आणि विचारतेस, आजी, नोकरी सोडू का? तुझा बाप म्हणतो सोड, तुझी आई म्हणते नवस बोलू. मी दोघांना गप्प बसवलं आणि चार दुपारी खर्चून हे लिहायला घेतलं. शाळेत मी दोनच इयत्ता गेले. उरलेली अक्षरं तुझ्या बापाच्या पहिलीच्या पुस्तकावरून उचलली. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ तपासत बसू नकोस, ती खोड तुला एव्हाना लागली असेल.

आधी तुझ्या त्या मोठ्या बाई. कुंदाबाई ना नाव? सगळ्या शिक्षकांच्या देखत तिनं तुझी टाचणवही टेबलावर आपटली आणि म्हणाली, ‘हे धड्याचं टाचण आहे की वाण्याची यादी?’ आणि बाकीच्या हसल्या. तिला माफ कर, मन मोठं कर, असलं काही माझ्याकडून ऐकायला मिळणार नाही. मन मोठं करून त्यात काय चाळ बांधायची आहे? पण सूड घ्यायचा तर नीट घ्यावा. तिला डोळ्यांतलं पाणी दाखवू नकोस, अशा बायका त्याच्यावरच पोसतात. टाचण आदल्या संध्याकाळी लिहायचं, आणि असं लिहायचं की चष्मा पुसपुसून तिला चूक सापडू नये. रोज सकाळी सगळ्यांच्या आधी तिला मोठ्यानं, हसून नमस्कार घालायचा. दुष्मनाला हसून नमस्कार घातला की त्याचं जेवण पचत नाही. तुझ्या आजोबांच्या आईवर मी हा उपाय अकरा वर्षं केला.

दुसरं म्हणजे पोट. तू लिहितेस, सकाळी नुसत्या चहावर जाते, डबा तसाच परत येतो, झोप लागत नाही. मग रडू येईल नाहीतर काय येईल? उपाशी माणसाला मुंगीसुद्धा टोमणा मारतेय असं वाटतं. तू राहतेस त्या नलिनीमावशीला सांग, भाकरी करून दे, आणि तिला जमत नसेल तर कालची खा. शाळेतून आलीस की आधी पाय धू, मग अर्धा तास कोणाशी बोलू नकोस, मावशीशीसुद्धा. इथल्या बालवाडीत मी नऊ वर्षं पोरांची नाकं पुसली, तेव्हा शिकवणाऱ्या बाया पुष्कळ पाहिल्या. त्यात एक मालनबाई होती. वर्गात शिरायच्या आधी दाराशी उभी राहून पेलाभर पाणी प्यायची, सावकाश. मी विचारलं, रोज बरी तहान लागते गो तुला? म्हणाली, तहान कसली, घरचं भांडण खाली ढकलते. तिच्या वर्गात पोरं कधी भ्यायली नाहीत. बाकीच्या सासू, नवरा, घरमालक अशी सगळी वरात घेऊन आत शिरायच्या, आणि मग एखादं पोर चड्डीत मुतलं की वड्याचं तेल वांग्यावर.

आता माझं ऐक. हे तुझ्या बापालाही ठाऊक नाही. आमच्या गावची शाळा देवळाच्या पडवीत भरायची. काशीराम मास्तर शिकवायचा. शनिवारी जमीन सारवायला वर्गातल्या पोरी लागायच्या, मी दुसरीत होते आणि माझा हात सफाईचा होता. आधी शनिवार, मग बुधवार, मग रोजच. पोरं पाढे म्हणायची आणि मी ओणवी होऊन त्यांच्या पाठीमागे शेण फिरवायची. पण कान काही शेणात नव्हते. एकदा खोतांचा पोरगा तेरा सातेला अडकला. मी जमिनीवरूनच म्हटलं, एक्क्याण्णव. मास्तर वळला, माझे हात बघितले नि म्हणाला, ‘शेणाच्या हातांना पाढे कशाला गो? गोवऱ्या मोजायला?’ सगळी शाळा हसली. माझा धाकटा भाऊ सहदेव पहिलीत होता, तोही हसला. त्याला वाटलं, सगळे हसले की आपणही हसायचं असतं.

मी रडले नाही. मी थांबले. पौषात डिप्टीसाहेब शाळा तपासायला यायचे होते. मास्तरानं मला पहाटेच बोलावलं. म्हणाला, सारव, आणि साहेबांसाठी घोंगडी अंथर. अंथरली. आदल्या दिवशी रानातून खाजकुयलीच्या वाळक्या शेंगा आणून ठेवल्या होत्या, पानात धरून. त्यांची सगळी लव घोंगडीवर झटकली. खाजकुयली म्हणजे काय ते तुम्हा मुंबईच्या पोरींना ठाऊक नाही. ती लव अंगाला लागली की माणूस कातडी सोलून काढील असा खाजवतो. साहेब धोतर हातात धरून पडवीभर नाचले. मास्तर त्यांचं अंग झटकायला गेला, तोही नाचला. पोरं हसली, आणि या वेळी मीही हसले. कोणाला माझा संशय आला नाही. सारवणाऱ्या पोरीला डोकं असतं हे कोणाच्या डोक्यात येणार? महिन्याभरात मास्तराची बदली झाली, लांब वर घाटावर. मला त्याचं आजही काही वाटत नाही. आज भेटला तर आज घोंगडी अंथरीन.

पण त्याच्या जागी दुसरा मास्तर आलाच नाही. दोन वर्षं त्या पडवीत बकऱ्या बसल्या. सहदेव गुरं राखायला लागला, होती ती चार अक्षरं विसरला, आणि पुढे गिरणीत तीस वर्षं पगाराच्या कागदावर अंगठा उठवत राहिला. गावाहून पत्र आलं की माझ्याकडे घेऊन यायचा, वाच गो, म्हणायचा. मी वाचून दाखवायची. शाळा का बंद पडली ते त्याला मरेपर्यंत सांगितलं नाही. नेम मी मास्तरावर धरला होता.

हे सगळं लिहिलं ते तुझ्या पत्राच्या सहाव्या पानासाठी. पाच पानं रडून झाल्यावर तू कौतुकानं लिहिलंयस, ‘वर्गात जया नावाची एक मुलगी मात्र गुणाची आहे. डोकं बेताचंच, पण कामाला वाघ. गणिताच्या तासाला मी तिलाच चहा आणायला पाठवते, मोठ्या बाईंचा आणि माझा.’ ते वाक्य मी तीनदा वाचलं. वाटलं, माझंच वाचणं चुकलं. कुंदाबाईनं तुझी वही आपटली आणि तू या पोरीचं गणित आपटलंस? किटली घेऊन परत येताना ती दाराबाहेर घटकाभर थांबते, असंही तूच लिहिलंयस. का थांबते, विचारलंस कधी? नोकरी सोडायची नाही. मास्तर निघून गेला की मागे काय होतं ते मी पाहिलंय. उद्यापासून चहा स्वतः आण, नाहीतर पिऊ नकोस. जयाला फळ्याशी उभी करून तेराचा पाढा शिकव. चुकली तर पुन्हा शिकव, आणि पोरं हसली तर पोरांना गप्प कर. मी गणपती झाले की बोरीवलीला येणार आहे, तुझ्या वर्गात शेवटच्या बाकावर बसून बघणार आहे. तुझ्या शाळेमागून जंगल सुरू होतं असं तूच लिहिलंयस. त्यात खाजकुयली आहे की नाही, मला ठाऊक नाही. असली तर दिवाळी सरल्यावर तिच्या शेंगा वाळतात. तोवर तुला मुदत. त्यानंतरही ती पोर किटली घेऊन फिरताना दिसली, तर कुठली शेंग तोडायची आणि पानात कशी धरायची, ते मी स्वतः तिला दाखवीन.

तुझीच, पण या भांडणात जयाच्या बाजूची,
आजी