उत्तरेकडची खिडकी

१२ मे

ती. ताईस,
भिंगरीचा शि. सा. न. वि. वि.

समुद्रात वादळ तयार होतंय म्हणे. अजून आठवडाभर लांब आहे, पण त्याचे पाहुणे आधीच येऊन बसलेत. रोज तीनच्या सुमारास दक्षिणेला फुलकोबीसारखे ढग फुगतात, चारपर्यंत त्यांचे माथे ऐरणीसारखे सपाट होतात आणि मग गडगडाट. मी आणि नात गच्चीत खुर्च्या टाकून बघत बसतो. आमचे हे खालून ओरडतात, की वीज पडली तर दोघींना एकाच बादलीत भरून आणावं लागेल.

काल नातीने विचारलं, की पणजोबा, म्हणजे आपले बाबा, हवामानाच्या चौकीवर होते ना. मी सांगून टाकलं, होते, आणि एका संध्याकाळी आकाशाकडे न बघताच त्यांनी नोंदवहीत निरभ्र लिहिलं. बंदरावर धोक्याचा बावटा चढला नाही, तीन होड्या फुटल्या, माणसं पोहत आली ते नशीब. म्हणून त्यांचा फोटो आमच्या भिंतीवर नाही. खोटं का बोलायचं?

तुझे गुडघे काय म्हणतात? लोभ आहेच, तो जरा उतू जाऊ दे.

तुझी
भिंगरी

१५ मे

चि. भिंगरीस,
ताईचे अ. आ.

गुडघे कुरकुरतात. तुझं पत्र आल्यापासून उत्तर लिहायला बसते आणि उठून पुसलेलीच भांडी पुन्हा पुसते.

ती नोंद बाबांची नव्हती. माझी होती.

बाबा तापाने फणफणले होते, आई कपाळावर पट्ट्या ठेवत होती, तू आठ वर्षांची. पाचची नोंद घ्यायला त्यांनी मला सांगितलं. त्यांचा नियम तुला पाठ आहे: गच्चीवर जायचं, चारी दिशांना वळायचं, आकाशाचे आठ भाग धरून किती झाकलेत ते मोजायचं, मगच लिहायचं. मी चौदा वर्षांची. दुसऱ्या दिवशी शाळेत मदरच्या हातून सुवाच्य अक्षराचं बक्षीस घ्यायचं होतं, म्हणून केस कुरळे व्हावेत यासाठी कागदाच्या गुंडाळ्या बांधल्या होत्या. तशी गच्चीवर गेले असते तर बंदरातले कारकून बघून हसले असते. मी खोलीतूनच उत्तरेकडच्या खिडकीतून पाहिलं. निळं होतं. बाबांच्या वळणात निरभ्र लिहिलं, अगदी हुबेहूब. बक्षीस काही उगाच नव्हतं. दक्षिणेला काय उभं होतं ते तू रोज बघतेच आहेस.

साहेब चौकशीला घरी आले तेव्हा मी पडद्यामागे होते. अक्षर माझंच आहे, असं बाबा म्हणाले. मग त्यांना बिनखिडकीच्या दप्तरखान्यात बसवलं. त्यांनी तो विषय माझ्याकडे कधी काढला नाही. तू त्यांच्यावर रागावत राहिलीस, आणि मी प्रत्येक पत्रात तुझ्या मुलांची चौकशी करत राहिले.

नातीला खरं सांग. माझं नाव घेऊन सांग. लोभ असू दे, असं लिहायची लाज वाटते.

ताई

१९ मे

ती. ताईस,
सा. न.

तुझा राग आला. अजून आहे. तो कधी जाईल ते विचारू नकोस.

पण एक तुलाही ठाऊक नाही. शेवटच्या वर्षी बाबा माझ्याकडे होते, दृष्टी गेली होती. चार वाजले की विचारायचे, भिंगरे, दक्षिणेला काय दिसतं. एकदा मी म्हटलं, की तुम्हाला न बघताच लिहायची सवय आहे, आता न बघताच झोपा. ते भिंतीकडे वळले. पुन्हा कधी विचारलं नाही. एका वाक्यात माझं तोंड बंद करता आलं असतं त्यांना, पण मग तुझं नाव घ्यावं लागलं असतं.

नातीला सांगितलं. तिचा पहिला प्रश्न, की ताईआजीचे केस शेवटी कुरळे झाले का.

बाबांचा फोटो ट्रंकेतून काढून आज गच्चीत खुर्चीवर ठेवला. चारला मी चारी दिशांना वळले आणि त्यांना मोठ्याने सांगितलं: उत्तर निळी, दक्षिणेला माथे सपाट, आठातले सहा भाग झाकलेले. बंदरावर बावटा चढलाय.

तुझ्या वतीने मात्र मी काही बोलले नाही. ते तुझं तू येऊन बोल. वादळ सरलं की ये, खुर्ची ठेवली आहे.

भिंगरी